गंगेतला शार्क आणि आक्षेप वही

सत्याला पुराव्याची गरज नसते. हे वाक्य आमच्या क्लासच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. दुसऱ्या वळणावर दुसरी पाटी आहे: 'आक्षेप फक्त छापील पुराव्यासह स्वीकारले जातील.' गेली कित्येक वर्षं मी हा जिना रोज चढतो आणि या दोन पाट्यांच्या मधे दम घ्यायला थांबतो.

लातुरात मी प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या गल्लीत एका बाजूला डाळ मिल आणि दुसऱ्या बाजूला सहा क्लास आहेत, त्यामुळे दिवसभर कोणीतरी काहीतरी भरडतच असतं. आमच्याकडे दर रविवारी नव्वद प्रश्नांची चाचणी होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. सोमवारी सकाळी यादी लागते. पहिले साठ पहिल्या बॅचमध्ये बसतात. बाकीच्यांचे वर्ग मागच्या इमारतीत, पेंडीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. तिथे शिकवणारे आम्हीच असतो, पण तिथून वर चढलेला विद्यार्थी मला क्वचितच आठवतो. कदाचित वासामुळे असेल.

क्लासचे मालक मूळचे भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांना सगळे मोठे सर म्हणतात. चाचणी झाली की ते समई लावून माईकवरून उत्तरतालिका वाचतात आणि शेवटी दोन शब्द बोलतात: "हे अंतिम." तरीही नियम म्हणून ऑफिसच्या खिडकीत एक आक्षेप वही ठेवलेली असते. पेन सुतळीने बांधलेलं. कोणाला उत्तर चुकीचं वाटलं तर त्याने गुरुवार संध्याकाळपर्यंत वहीत लिहायचं आणि पुरावा जोडायचा. वहीत 'मान्य' असा एक रकाना आहे. मी सांगतोय त्या वर्षापर्यंत तो इतका कोरा होता, की आमचा शिपाई बोटाला लागलेला गोंद त्यालाच पुसायचा.

तर त्या वर्षी एका रविवारच्या पेपरात एक प्रश्न मी काढला होता. पेपर अवघड झाला होता, म्हणून मुलांवर दया करावी या हेतूने. 'पुढीलपैकी कोणता प्राणी फक्त समुद्रातच आढळतो? अ) बेडूक, ब) शार्क, क) रोहू, ड) यांपैकी एकही नाही.' उत्तर अर्थात ब. माझ्या दयेचा फायदा जवळजवळ सगळ्या वर्गाने घेतला. कॉम्प्युटरने दाखवलं, की ड निवडणारे फक्त दोघे आहेत.

त्यातली एक सोमवारी सकाळी आक्षेप वहीसमोर उभी होती. उमरीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. यादीत तिचा नंबर चौसष्टावा लागला होता. लेखन सुरू होतं. मी विचारलं, काय झालं.

"सर, शार्क नदीतबी असतो."

कुणी सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, कुणी सांगितलं नाही, दात पाहिलेत. तिची मोठी बहीण नांदेडच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकायची. तिच्याबरोबर ही एकदा गेली होती आणि तिथल्या काचेच्या कपाटात दगडात रुतलेले दात होते. खाली कागद लावलेला: गोड्या पाण्यातला शार्क, गोदावरीचं खालचं खोरं.

मी प्राध्यापकी समाधानाने हसलो. म्हणालो, बाळ, ते जीवाश्म. डायनोसोरच्या काळातले. ते कधीच संपले.

"मेले तरी नदीतच मेले ना सर?" ती म्हणाली आणि पुढे लिहू लागली.

त्या दुपारी मी मोबाईल उघडला आणि पाच मिनिटांत माझी दया उतरली. नदीत राहणारे शार्क आहेत. मोजक्याच जाती, त्यातली एक आपल्या गंगेच्या नावाची. बारीक डोळे, कारण गढूळ पाण्यात मोठ्या डोळ्यांचा उपयोग नाही. इतका दुर्मीळ, की ज्यांनी आयुष्यभर त्याच्यावर लिहिलं त्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलेला नाही. अधूनमधून कुठल्यातरी मासळीबाजारात एखादा ओळखू येतो, तोवर त्याचे तुकडे झालेले असतात. त्याच्या जवळच्या, आता नष्ट झालेल्या भावकीचे दात ब्रह्मदेशातल्या खडकांत सापडतात. आपल्या गोदावरीतले त्याहून फार जुने, लांबच्या नात्यातले. ते तेलंगणाच्या बाजूला पोहत होते तेव्हा हिमालय नव्हता, म्हणजे गंगाही नव्हती. एका मुलीने कपाटात डोकावून जे लक्षात ठेवलं, ते मला वीस वर्षं शिकवून माहीत नव्हतं.

मी मोठ्या सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मागच्या फळीवरून लातुरात मिळणारी सात गाईडं काढून टेबलावर ठेवली. सातांतही एकच वाक्य होतं: 'ज्याप्रमाणे विहिरीत चिंच उगवत नाही, त्याप्रमाणे नदीत शार्क आढळत नाही.'

"सात विरुद्ध एक," मोठे सर म्हणाले.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. चिंचेचा आणि शार्कचा काडीचा संबंध नाही. इतकी वाईट उपमा एकाच माणसाला सुचू शकते, आणि तो माणूस मी होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नोट्स काढल्या होत्या. त्यांच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सवरून एक गाईड निघालं, त्यावरून बाकीची सहा. आता माझीच चूक सात पुठ्ठ्यांत बांधून माझ्यासमोर पुरावा म्हणून आली होती. मी हे मोठ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तुम्हीच लिहिलंय, मग तर प्रश्नच मिटला.

शेवटी त्यांनी अटी सांगितल्या. मोबाईल चालणार नाही. इंटरनेटवरून काढलेली प्रिंट चालणार नाही, कारण ती तुम्ही छापली. मला दुसऱ्याने छापलेलं पाहिजे. समुद्रातून नदीत फिरायला आलेला शार्क चालणार नाही, तो पाहुणा. आणि मेलेला चालणार नाही.

खरी अडचण मला मंगळवारी कळली, मुलीचे वडील आले तेव्हा. सडपातळ माणूस, पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी. पिशवी रिकामी का, ते विचारल्यावर म्हणाले, हिचं सामान न्यायला. पाठवतानाच त्यांनी सगळ्या भावांसमोर सांगितलं होतं, की पोरगी पहिल्या बॅचमध्ये आहे तोवर लातूर. उतरली की उमरीचं कॉलेज. आता उतरली होती. चार चुलते वाट बघत होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच अवघड होतं.

मी त्यांना गुरुवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि कारणही सांगितलं.

"तुमी म्हणायलाव का सर, नदीत शार्क ऱ्हातो?"

मी म्हणालो, मी नाही, तुमची मुलगी म्हणतेय. मी तर वीस वर्षं उलटं शिकवलं.

ते मुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला मग, बघू."

तर अशी परिस्थिती होती. एक मुलगी लातुरात राहावी म्हणून गंगेतल्या एका माशाला जिवंत असणं भाग होतं, आणि तेही छापील.

बुधवारी सकाळी आम्ही तिघे नांदेडच्या एसटीत बसलो. चाकूरला गाडी थांबली तेव्हा वडिलांनी चहा पाजला आणि आजूबाजूच्या दोन प्रवाशांना आपण कुठे चाललो आहोत ते सांगितलं. त्यातल्या एकाने विचारलं, शार्क बघायला नांदेडला कशाला, तिथं तर नदीत पाणीच न्हाई. दुसरा म्हणाला, मासा सापडला तर आम्हालाबी दाखवा, अर्धा किलो घिऊ. वडील गंभीरपणे म्हणाले की विकायचा न्हाई, पोरीच्या परीक्षेला लागतोय. मग अहमदपूरपर्यंत गाडीत त्याच विषयावर चर्चा झाली. मी आयुष्यात इतक्या उत्सुक वर्गाला शिकवलेलं नाही.

नांदेडच्या कॉलेजात ते कपाट होतं तिथेच होतं, फक्त काचेवरच्या धुळीवर कोणीतरी बोटाने बाण काढलेला होता. दगड तळहाताएवढा, त्यात काळपट, चकचकीत दात. एवढेसे, की माझी कल्पना होती त्यापेक्षा शार्क खूपच नम्र वाटला. खालचा कागद हाताने लिहिलेला, म्हणजे मोठ्या सरांच्या दृष्टीने शून्य. पण वडील काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले.

मी त्यांना सांगितलं, की हे प्राणी या भागात होते तेव्हा माणूस नव्हता, गंगा नव्हती, नदीसुद्धा आजची नव्हती, दुसरीच कुठलीतरी होती.

"म्हंजे गंगेच्या आधी आपल्याकडं होते," ते म्हणाले.

मी म्हणालो, तसं म्हणता येईल. भूशास्त्रज्ञ तसं म्हणणार नाहीत, पण नांदेड जिल्ह्यात म्हणायला हरकत नाही.

मग ते मुलीला म्हणाले, "तू सांगितलं ते खरं हाय म्हणायचं." एवढंच. मुलीने ओढणीने काचेवरचा तो बाण पुसून टाकला.

ग्रंथालयात इंग्रजांच्या काळातला माशांवरचा एक जाड ग्रंथ निघाला. तिथले सेवक मामा म्हणाले, नेता येणार नाही, झेरॉक्स काढा. पण लाईट चार वाजता येईल. आम्ही चार वाजेपर्यंत बसलो. मुलगी तो ग्रंथ वाचत होती, म्हणजे इंग्रजीच्या एकेका ओळीवर बोट ठेवून लढत होती. गंगा शार्कचं पान सापडलं. चित्रात तो कोणीतरी फसवल्यासारखा दिसत होता. बारीक डोळे, गढूळ नदी, सगळं होतं. पाहुण्याची अट सुटली. पण ग्रंथ शंभर वर्षांहून जुना. मोठे सर पहिलं वाक्य काय बोलणार ते मला पाठ होतं: तेव्हा असेल. आता आहे का?

मी हे दोघांना सांगितलं. वडील चित्राकडे बघत होते. चित्राखालचं लॅटिन नाव त्यांनी मुलीला मोठ्याने वाचायला लावलं. मग पुन्हा वाचायला लावलं.

"हे नाव म्या वाचलेलं हाय सर."

मला वाटलं, ते माझी समजूत घालताहेत. पण ते खरं होतं, आणि कारण हरणं होती. उमरीकडे काळविटांचे कळप सोयाबीनमध्ये उतरतात. दोन वर्षांपूर्वी ते वन खात्याच्या ऑफिसात विचारायला गेले होते, की यांचं करायचं काय. तिथल्या कारकुनाने उत्तर दिलं नाही, एक छापील पुस्तिका दिली. वन्यजीवांचा कायदा, मागे याद्या: कोणकोणत्या जनावराला हात लावायचा नाही. आपल्या शेतात येणारं एकतरी जनावर यादीतून सुटलं असेल या आशेने त्यांनी ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचली होती, देवनागरीत छापलेल्या लॅटिन नावांवर बोट ठेवून. हरीण नव्हतं सुटलं. मोर नव्हता सुटला.

"त्यात मासेबी हायत. म्या म्हणलं, माशाचं अन् माझं काय?"

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी पोचलो. पुस्तिका ट्रंकेत नव्हती, फडताळात नव्हती. मुलीच्या आईने विचारलं, काय शोधायलाव, आणि उत्तर ऐकल्यावर सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या टेबलाच्या पायाखालून ती काढून दिली. चार घड्या केलेली, वर तेलाचा गोल डाग. वडिलांनी डाग पुसला, पान उघडलं. मासे. वरून थोडं खाली: गंगा शार्क. त्याच्यासमोर तेच नाव. मुखपृष्ठावर राजमुद्रा.

त्या अंगणात मला जे वाटलं ते मी कुठल्याही विद्यापीठात अनुभवलेलं नाही. मुलगी हसत होती, वडील ते नाव पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होते, दोन चुलते काय झालं म्हणून कुंपणावरून आले होते. आई फक्त म्हणाली, "त्ये काढलं की टेबल हलतंय. काम झालं की परत आणा."

गुरुवारी संध्याकाळी, खिडकी बंद व्हायला अर्धा तास असताना, आम्ही मोठ्या सरांसमोर बसलो. मुलीने झेरॉक्स ठेवली, वडिलांनी पुस्तिका ठेवली, मी काही ठेवलं नाही, कारण माझ्या नावावर फक्त चिंच होती. मोठ्या सरांनी झेरॉक्स वाचली. मान डोलावली. मग अपेक्षित वाक्य बोलले: तेव्हा असेल. पुस्तिका उलटीसुलटी पाहिली, राजमुद्रेवर अंगठा फिरवला. नाव आहे, ते म्हणाले, पण यादीत नाव आहे म्हणजे मासा जिवंत आहे, असं कुठे छापलंय?

मी बोलणार होतो. वडील आधी बोलले.

"सर, मेलेल्याला मारू नका, असा कायदा सरकार करंल का?"

 मला सरकारबद्दल तेवढी खात्री नव्हती, पण मी ती बोलून दाखवली नाही. तो मासा खाडीच्या मचूळ पाण्यातही जातो, हेही मला माहीत होतं. ते मला कोणी विचारलं नाही.  मग मोठ्या सरांनी पेनाचं टोपण काढलं, आक्षेप वही ओढली, 'मान्य' या रकान्यात गोंद लागलेला नाही अशी जागा शोधली आणि सही केली. सही करताना त्यांचा चेहरा मी पाहिला. चिडलेला नव्हता. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी आपल्याला शिकवलं, असा होता. मला वाटतं, भौतिकशास्त्र सोडून क्लासचे मालक झाल्यापासून त्यांना ते सुख मिळालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुन्हा समई लावली आणि माईकवरून जाहीर केलं, की त्या प्रश्नाचं उत्तर ब नसून ड आहे. ब लिहिणाऱ्या सगळ्यांचे चार गुण गेले आणि वर एक वजा झाला. वर्गातून जो आवाज उठला तो डाळ मिलपर्यंत गेला असावा, कारण तिथले दोन हमाल बघायला आले. मोठे सर म्हणाले, "हे अंतिम." मग थोडं थांबून, क्लासच्या इतिहासात पहिल्यांदा, "सुधारित" असा शब्द त्यांनी जोडला.

नवी यादी लागली. मुलीचा नंबर अकरावा होता. वडिलांनी यादीवरचं तिचं नाव वाचलं, खाली चौसष्टाव्या जागी आता कोण आहे तेही वाचलं, त्या पोराबद्दल हळहळले, आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. ती घडी मी अजून विसरलेलो नाही. नंतर त्यांनी चारी भावांना एकेक फोन केला. फोनवर ते शार्कबद्दल एवढं बोलले, की चौथ्या भावाला पोरीचा नंबर सांगायचा राहिला. त्यासाठी पुन्हा फोन लावावा लागला. जाताना पुस्तिका आठवणीने मागून घेतली. टेबल हलत होतं.

ती मुलगी पुढे सगळं वर्ष पहिल्या बॅचमध्ये राहिली, आणि आज ती सरकारी कॉलेजात डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी कधी फोन केला तर ती अजूनही आधी विचारते, की गंगेतला कोणी सापडला का. पुढच्या वर्षी सातही गाईडांनी वाक्य बदललं: 'शार्क नदीतही आढळतो.' चिंच तशीच ठेवली.

पण हे नंतरचं. त्या आठवड्यात मोठ्या सरांनी हरल्यावर जे करायचं असतं तेच केलं: हार मोठ्या प्रमाणावर साजरी केली. रविवारी हॉलमध्ये फ्लेक्स लागला. त्यावर एक भलामोठा समुद्री शार्क, उघड्या जबड्याचा, कारण बारीक डोळ्यांचा नदीतला फोटो छापणाऱ्याला आवडला नाही. खाली लिहिलं होतं: 'प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या सत्यशोधकांचा गौरव.' व्यासपीठावर दोन खुर्च्या होत्या, कारण ड हे उत्तर दोघांनी लिहिलं होतं. मुलीला शाल, श्रीफळ आणि शब्दकोश मिळाला. दुसरा विद्यार्थी उदगीरकडचा होता. त्यालाही तेच मिळालं. मोठे सर अर्धा तास बोलले. हजारो मुलं एका दिशेने जात असताना केवळ ज्ञानाच्या बळावर एकटं उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांनी उदाहरणं देऊन सांगितलं. मुलीचे वडील पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. उदगीरच्या विद्यार्थ्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तो फक्त 'धन्यवाद' म्हणाला. त्याच्या विनयावरही टाळ्या पडल्या.

एवढा अभ्यास कुठून केला, हे बघावं म्हणून कार्यक्रमानंतर मी त्याची उत्तरपत्रिका काढून पाहिली. नव्वदच्या नव्वद प्रश्नांना त्याने ड लिहिला होता.